पेवातली मुलगी

आजोळच्या माडीवर एक ट्रंक होती. तिच्यात मामाच्या कॉलेजच्या वह्या, एक मोडका कंपास आणि ग्रीक पुराणकथांचं पुठ्ठा निखळलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. मे महिन्यात दुपारी झोपायची सक्ती असायची, तेव्हा मी ते चित्रांसाठी चाळायचे. एका चित्रात एक गोरी मुलगी काळ्या घोड्यांच्या रथातून जमिनीच्या भेगेत चालली होती आणि मागच्या झाडांवर बर्फ साचला होता. खालच्या मजकुराचा मी लावलेला अर्थ असा: मुलगी पाताळात गेली की आई दुःखानं सगळं टाकून बसते, जमीन मरते, आणि म्हणून हिवाळा येतो.

मला ते काही केल्या पटेना. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. आमच्याकडे जमीन मरते ती आत्ता, वैशाखात. हिवाळ्यात तर ती सगळ्यात जिवंत असते. ज्वारी पोटरीत आलेली, हरभरा घाट्यांवर, पहाटे पाय ओले करणारं दव, मग हुरडा. आई एवढी दुःखात असेल तर हुरडा कुठून येतो? मी मामाला विचारलं. मामा म्हणाला, "ती थंडीची माणसं गं. त्यांचं उलटं असतं." विषय संपला.

बरीच वर्षं मीही तेच धरून चालले होते. पुढं कळलं की मामाचं चुकलं होतं, आणि पुस्तकाचंही. ती माणसं थंडीची नव्हतीच. चित्र काढणारा थंडीचा होता.

ही गोष्ट सगळ्यात सविस्तर मिळते ती डिमीटर देवीच्या स्तोत्रात. ४९५ ओळी, इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराची रचना. महाकवी होमरच्या नावावर चालते, होमरची नाही. तिची जवळजवळ पूर्ण अशी एकच हस्तलिखित प्रत उरली, ती १७७७ साली मॉस्कोत सापडली. असं सांगतात, की ती एका तबेल्यात कोंबड्या-डुकरांच्या संगतीत पडून होती. खरंखोटं तो शोधणारा पंडित जाणे. पण धान्याच्या देवीचं स्तोत्र शेणामातीतून वर आलं, हे खोटं असलं तरी शोभून दिसतं.

स्तोत्रात डिमीटरची मुलगी, पर्सिफोनी, कुरणात फुलं तोडतेय. गुलाब, केशर, जांभळी व्हायोलेट, आणि एका जागी नार्सिससचा असा ताटवा की एका कंदाला शंभर फुलं. हा ताटवा मुद्दाम उगवलेला आहे. देवांचा राजा झ्यूस, त्याच्या इच्छेनं पृथ्वीनं, गायानं, तो सापळा म्हणून लावलाय. गाया नात्यानं या मुलीची पणजी. मुलगी दोन्ही हात पुढं करते, जमीन फाटते, पाताळाचा राजा हेडीस वर येतो आणि तिला घेऊन जातो. आपली सीताही धरणीत गेली, पण तिथं धरणी दुभंगली ती लेकीनं हाक मारली म्हणून, तिला पोटात घ्यायला. इथं पणजीच कटात सामील. हा फरक मला फार दिवस सलत होता.

आणि या कटात बाप आहे. झ्यूसनं आपल्या सख्ख्या भावाला मुलगी देऊन टाकली. हेडीस तिचा चुलता, आणि डिमीटर त्या दोघांची बहीण असल्यामुळं मामाही. आमच्या सोलापूर-विजापूर सीमाभागात मामाला भाची देण्याची चाल आहे, त्यामुळं माझ्या आजीला या नात्याचं काही वाटलं नसतं. तिला वाटलं असतं ते याचं, की आईला कुणी विचारलं नाही.

डिमीटर नऊ दिवस हातात पेटते पलिते घेऊन हिंडते. अन्न नाही, पाणी नाही, अंघोळ नाही. शेवटी सूर्य तिला खरं काय ते सांगतो, आणि लगेच समजूतही घालतो. त्याचं म्हणणं मराठीत आणलं तर शब्दही बदलावे लागत नाहीत: एवढं मनाला लावून घेऊ नका, जावई काही कमअस्सल नाही, घरचाच आहे, जगाच्या तिसऱ्या हिश्श्याचा धनी आहे. म्हणजे स्थळ चांगलंय. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो कवी हे वाक्य सूर्याच्या तोंडी घालतो. सगळं बघणाऱ्याला एवढंच दिसलं.

मग ती म्हातारीचं रूप घेऊन इल्युसिस गावात येते, विहिरीवर बसते, एका घरी दाई म्हणून राहते. त्या बाळाला अमर करण्यासाठी रात्री आगीत धरते, आई बघते, किंचाळते, सगळं फिसकटतं. हा भाग मोठा आहे, इथं सोडते. पुढं ती तिथल्याच आपल्या देवळात जाऊन बसते आणि बी उगवूच देत नाही. बैल वाकडे नांगर ओढत राहतात, जव मातीत पडत राहतो, वर काही येत नाही. माणसं उपाशी, म्हणजे देवांचे बळी बंद. तेव्हा कुठं झ्यूसला जाग येते.

माझ्यासाठी या गोष्टीचा गाभा पुढच्या भेटीत आहे. देवांचा दूत हर्मिस मुलीला रथातून वर आणतो. आई डोंगर उतरल्यासारखी धावत येते, मिठी मारते आणि त्या मिठीतच तिच्या मनात पाल चुकचुकते. तिचा पहिला प्रश्न: "पोरी, तिथं काही खाल्लं तर नाहीस ना?"

आपल्याकडे लेक दारात आली की आई विचारते, जेवलीस का? माझी आई अजूनही फोनवर आधी तेच विचारते, मग बाकीचं. डिमीटरचा प्रश्न तोच आहे, फक्त तिला उत्तर ‘नाही’ असं हवंय. खाल्लं असेल तर ती तिकडची झाली. त्या घरचं मीठ खाल्लं, म्हणतो ना आपण, तसं.

खाल्लेलं असतं. डाळिंबाचा एक दाणा. मूळ स्तोत्रात दाणा एकच आहे. पुढं रोमन कवी ओव्हिडनं ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये ते सात केले आणि मुलांच्या पुस्तकांनी महिन्यांचा हिशोब जमावा म्हणून सहा. आणखी एक बारकावा आहे. कवी स्वतः सांगतो तेव्हा हेडीस इकडंतिकडं बघत, गुपचूप तो दाणा देतो. मुलगी आईला सांगते तेव्हा म्हणते, त्यानं जबरदस्तीनं खायला लावला. दोन्ही खरं असू शकतं. पण सासरची गोष्ट आईला सांगताना लेकी ती किती जपून सांगतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या तफावतीचं नवल वाटणार नाही.

निवाडा होतो: वर्षाचा एक तृतीयांश भाग पाताळात, दोन तृतीयांश आईकडं.

एक तृतीयांश का, तर ग्रीकांचं जुनं वर्ष तीन ऋतूंचं होतं. ऋतुदेवताही, होराई, प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात तीनच आहेत. आपणही पंचांगात सहा ऋतू म्हणतो आणि बोलताना तीनच धरतो. तेव्हा मुलगी बरोबर एक ऋतू खाली राहते. प्रश्न एवढाच की कुठला.

स्तोत्र म्हणतं, वसंतातली सुगंधी फुलं उमलतील तेव्हा ती वर येईल. म्हणजे हिवाळा खाली गेला. सरळ आहे. पण ग्रीसची शेती बघितली की हे सरळ उत्तर डळमळतं. तिथं पाऊस येतो शरदापासून पुढं, हिवाळाभर. गहू-जव पेरतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पीक थंडीत हिरवं असतं आणि मे-जूनमध्ये कापणी होते. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत कोरडा, पांढरा, फुफाट्याचा उन्हाळा. म्हणजे ती सगळी रब्बीची शेती आहे! मंगळवेढ्याच्या ज्वारीसारखी, फक्त कापणी दोन-तीन महिने उशिरा. रान ओसाड पडतं ते उन्हाळ्यात. थंडीत डिमीटर रडत असेल तर तो जव कुणाच्या भरवशावर वाढतो? माझा हुरड्याचा प्रश्न बरोबर होता, हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

मार्टिन निल्सन या स्वीडिश अभ्यासकानं हेच मांडलं होतं. गंमत म्हणजे तो खरोखर बर्फाच्या देशातला, तरी चित्रातल्या बर्फाला फसला नाही. त्याच्या मते मुलगी म्हणजे धान्य. कापणी-मळणीनंतर ते जमिनीखालच्या कोठारात जातं, उन्हाळ्याचे चार महिने अंधारात राहतं, आणि शरदात पेरणीसाठी कोठारं उघडली की वर येतं. सगळ्यांना हे मान्य नाही. स्तोत्रातल्या वसंताच्या फुलांचं काय करायचं, असा त्यावर रास्त आक्षेप आहे. पण सिसिलीचाच असलेला प्राचीन इतिहासकार दिओदोरस लिहून गेलाय की त्याच्या बेटावर मुलीचा उत्सव धान्य पिकून तयार होण्याच्या वेळी करतात आणि आईचा पेरणीच्या सुरुवातीला. इल्युसिसचा मोठा उत्सवही वसंतात नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला. मला विचाराल तर एका गोष्टीला एकच ऋतू बांधून टाकायची गरज ग्रीकांना वाटली नसावी. लग्नाच्या गाण्यात वसंत आणि खळ्यावर उन्हाळा, असं चालत असणार.

तिथल्या उन्हाळ्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १० जुलै १९७७ रोजी अथेन्स परिसरात ४८ अंश तापमान नोंदलं गेलं. ती नोंद करणाऱ्या ठिकाणांपैकी एक एलेफ्सिना, म्हणजे आजचं इल्युसिस. युरोपातला तो उच्चांक चव्वेचाळीस वर्षं टिकला. तो मोडला ११ ऑगस्ट २०२१ रोजी, ४८.८ अंशांनी, सिसिलीत सिराक्यूजजवळ. आणि ओव्हिडच्या कथेत हेडीस मुलीला घेऊन पाताळात शिरतो तो सिराक्यूजजवळच्याच सायनी झऱ्यातून. आईचं गाव आणि लेक गडप झाली ती जागा. युरोपचे हे दोन उच्चांक याच दोन ठिकाणचे. यात अर्थ काढू नये हे मला कळतं. पण आजोळच्या माडीवर घामाघूम होऊन तो बर्फ बघत बसलेल्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

निल्सनचं ‘जमिनीखालचं कोठार’ वाचलं तेव्हा मात्र मी पुस्तक मिटून ठेवलं. त्याला मराठीत शब्द आहे. पेव.

आजोळच्या वाड्यासमोर, चिंचेखाली, एक पेव होतं. वरून काहीच दिसायचं नाही. एक दगडी फरशी आणि तिच्यावर माती, आम्ही तिथं लगोरी खेळायचो. खाली मात्र रांजणासारखी खोली: तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि पोट मोठं. आतून सारवून, कडबा लावून त्यात ज्वारी ओतायची आणि तोंड बंद करून माती लोटायची. हवा नाही, त्यामुळं किडा जगत नाही. वर्ष-दोन वर्षं धान्य टिकतं. दुष्काळाच्या मुलखात पेव म्हणजे घराचा जीव.

मी ते उघडताना एकदाच बघितलंय. नऊ-दहा वर्षांची असेन. सकाळी फरशी बाजूला केली आणि गडी लांब जाऊन बसले, तंबाखू मळत. मी वाकून बघायला गेले तर आजीनं दंडाला धरून असं मागं ओढलं की चार दिवस बोटं उमटून होती. "आत वाफ आसती. मानूस ऱ्हात न्हाई." भोकातून वर येणारी हवा कोमट होती, आंबूस-गोड वासाची. आजूबाजूच्या गावांत कुणी ना कुणी पेवात घाई करून उतरलेला आणि परत न आलेला असायचाच, त्या गोष्टी आम्हाला पाठ होत्या. दुपार कलल्यावर आजीनं कंदील पेटवला, दोरी बांधली आणि स्वतःच्या हातानं खाली सोडला. हे काम ती कुणाला करू द्यायची नाही. सगळे भोवती उभे. दोरी सरकतेय, उजेडाचं वर्तुळ ज्वारीवर पडतंय, पिवळट-पांढऱ्या दाण्यांचा एक ढीग खाली झोपल्यासारखा. ज्योत बारीक झाली. आजीनं दोरी थांबवली. ज्योत विझली. "आजून न्हाई," ती म्हणाली, आणि कंदील वर घेतला. दुसऱ्या दिवशी ज्योत टिकली, तेव्हा गडी उतरला.

पेव एकदा फुटलं की मागंपुढं करता येत नाही, सगळं धान्य काढावंच लागतं, म्हणून तर ‘पेव फुटणं’ हा वाक्प्रचार. पाट्याच्या पाट्या वर येत होत्या. कडेची ज्वारी काळवंडलेली, ती गुरांना. मधली चांगली. तिच्या भाकरीलाही आठवडाभर तो वास राहायचा.

निल्सनच्या मांडणीत इथं एक खोट आहे, ती आजीनं लगेच काढली असती. आमच्याकडे बियाणं पेवातलं घेत नसत. ते राखेत घोळून, मडक्यात बंद करून वेगळं ठेवायचे, घरात, वर. पेवातलं होतं ते खायचं. पण जमिनीखाली जाऊन अंधारात, कोंडलेल्या हवेत, मरण असतं तिथंच पोटाची भाकरी असते, हे समजायला मला कुठलं प्रतीकशास्त्र लागलं नाही. कंदील विझताना बघितला होता.

आणि इल्युसिसलाही पेवं होती. इ.स.पू. पाचव्या शतकातला अथेन्सचा एक ठराव दगडावर कोरलेला मिळालाय. प्रत्येक शेतकऱ्यानं जवाचा सहाशेवा आणि गव्हाचा बाराशेवा हिस्सा दोन्ही देवींना पाठवावा, आणि ते धान्य ठेवायला इल्युसिसला वडिलोपार्जित रीतीप्रमाणं तीन पेवं बांधावीत. मूळ शब्द आहे ‘सिरोस’, जमिनीतला धान्याचा खड्डा. वडिलोपार्जित रीतीप्रमाणं! या शब्दांवर मी बोट ठेवून बसले होते.

हेडीसचं दुसरं नाव याच मातीतलं. लोक त्याचं खरं नाव घ्यायला कचरत, जसं आपण रात्री सापाचं नाव घेत नाही, ‘लांबडं’ म्हणतो. त्याला म्हणत प्लूटोन, संपत्तीवाला. प्लेटोनं ‘क्रॅटिलस’ या संवादात याचं कारण दिलंय: संपत्ती जमिनीखालून येते म्हणून. आणि डिमीटरचा एक मुलगाही आहे, प्लूटोस, म्हणजे नुसती संपत्ती. हेसिअड सांगतो, तो तीनदा नांगरलेल्या शेतात झाला. तीनदा नांगरलेलं शेत आणि भरलेलं पेव. श्रीमंती म्हणजे याहून वेगळं काही त्यांच्या डोळ्यांपुढं येत नसणार.

पाताळ म्हटल्यावर इंग्रजी पुस्तकं वाचून आपल्या डोळ्यांपुढं नरक येतो, पण तो आपला नाही. मराठी माणसाच्या पाताळात बळीराजा राहतो. वामनानं तीन पावलांत खाली दडपलेला, आणि दिवाळीच्या पाडव्याला दरवर्षी वर येणारा. तेव्हा खरीप घरात आलेलं असतं, रब्बी पेरलेली असते, आणि बायका ओवाळताना म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो ते उगाच नाही. ग्रीक गोष्टीचा आणि हिचा काही संबंध आहे असं माझं म्हणणं नाही. ज्यांच्या डोक्यात हे आधीच आहे त्यांना ती गोष्ट वेगळी ऐकू येते, एवढंच.

हे सगळं धान्याचं झालं. पण ती नुसतं धान्य असती तर मी तिच्यात इतकी अडकले नसते.

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात एका मुलीचा संगमरवरी पुतळा आहे. मी फोटोतच बघितलाय, ग्रीसला गेलेले नाही. मुलीचं नाव फ्रासिक्लिआ. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ती लग्नाआधी वारली आणि तिच्या कबरीवर हा पुतळा उभा केला. पायघोळ झगा, डोक्यावर फुलं आणि कळ्यांचा मुकुट, एक हात झगा सावरतोय, दुसऱ्या हातात छातीशी धरलेली कमळाची कळी. मिटलेली. खाली कोरलंय: ही फ्रासिक्लिआची खूण, मला कायम कोरीच म्हणतील, लग्नाऐवजी देवांनी मला हे नाव दिलं. कोरी म्हणजे मुलगी, कुमारिका. आणि कोरी म्हणजेच पर्सिफोनीही. तिला लोक याच नावानं हाक मारत. हा पुतळा प्राचीन काळीच कुणीतरी काळजीपूर्वक खड्ड्यात पुरून ठेवला होता. १९७२ साली तो वर आला तेव्हा त्याच्यावरच्या रंगाच्या खुणा अजून शाबूत होत्या. उन्हापावसात उभ्या राहिलेल्या पुतळ्यांचे रंग केव्हाच उडून गेलेत. खाली होती म्हणून हिचा राहिला.

अविवाहित मेलेली मुलगी ही हेडीसची नवरी, असं ग्रीक मानत. आणि उलट, लग्न होऊन जाणारी प्रत्येक मुलगी थोडी मरते, हेही त्यांना कळत असावं. दक्षिण इटलीतल्या लोक्री इथं मातीच्या छोट्या फरशा सापडल्यात, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या. एकीवर पर्सिफोनी हेडीसशेजारी सिंहासनावर बसलीय, ताठ, हातात कोंबडा आणि धान्याची कणसं, रडण्याचा मागमूस नाही. तिथं ती लग्नाची देवी होती. होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात तर तिचा एवढा दरारा की मृतांशी बोलायला गेलेला ओडिसिअस शेवटी तिच्याच भीतीनं पळ काढतो: ही आता गॉर्गन राक्षसिणीचं मुंडकं पाठवेल! आईसाठी जी कायम फुलं तोडणारी पोर, ती तिकडं घर चालवणारी, सगळ्यांना धाकात ठेवणारी बाई झालेली असते.

एक गंमत कुणी फारशी बोलत नाही. ऑर्फिअस पाताळात जातो, हेराक्लीस जातो. कुणीही कधीही जावो, पर्सिफोनी आपली सिंहासनावर हजर. ‘बाईसाहेब माहेरी गेल्यात, दिवाळीनंतर या,’ असं कुणालाच ऐकावं लागत नाही. दोन तृतीयांश वर्ष ती वर असते म्हणे. माझ्या आईच्या माहेरपणाचंही तसंच होतं. कागदावर उन्हाळ्याची सुट्टी दीड महिन्याची. प्रत्यक्षात आठ दिवस झाले की वडिलांचं पत्र यायचं. आजी पत्र वाचून घ्यायची, काही बोलायची नाही, आणि त्या रात्री तिचं ताट तसंच राहायचं.

डाळिंबाचा अर्थ मला मामामुळं लागला. पेवाचे दिवस संपल्यावर त्यानं खालच्या हलक्या रानात डाळिंब लावलं, भगवा. डाळिंबाचं झाड नुसतं पाणी पाजून फळाला येत नाही, निदान हवं तेव्हा येत नाही. त्याला ताण द्यावा लागतो. मृग बहार धरायचा तर एप्रिल-मेच्या उन्हात पाणी तोडायचं. महिना-दीड महिना थेंब नाही. पानं पिवळी पडतात, मग पानगळ, नुसत्या काट्या उरतात. पहिल्या वर्षी मी बाग बघून घाबरले होते. मामा बांधावर बसून म्हणाला, "झाडाला मराया टेकल्यासारखं वाटलं पाहिजे, मगच ते फुलाचं बघतंय." मग छाटणी, खत, आणि पहिलं पाणी. पंधरा-वीस दिवसांत त्या काट्यांवर लालभडक कळी. डिमीटरनं पाणी तोडलं होतं ते झ्यूसचं. सगळ्या जगाची बाग तिनं ताणावर सोडली, तेव्हा कुठं तिचं म्हणणं ऐकलं गेलं. स्तोत्राच्या कवीला मामाचं तंत्र माहीत असेल असं नाही, पण त्या दाण्यासाठी त्यानं दुसरं कुठलंही फळ निवडलं नाही, याचा मला आनंद आहे.

इल्युसिसला या मायलेकींचे जे गूढ विधी चालत, त्यांच्याबद्दल लोक पुष्कळ लिहितात, आणि आत नेमकं काय व्हायचं ते बाहेर सांगायची बंदी होती, मरणाची शिक्षा होती. ग्रीक समजणारा कुणीही, बायका, गुलामसुद्धा, दीक्षा घेऊ शकत. हातून खून झालेला नको, एवढंच. अथेन्सहून वीसेक किलोमीटर चालत जायचं, वाटेत पुलावर लोक मोठमोठ्या असामींना शिव्या घालायचे. रोमन वक्ता सिसेरो दीक्षा घेऊन आला आणि म्हणाला, आम्ही तिथं आनंदानं जगायला शिकलो आणि चांगली आशा ठेवून मरायला. पुढं एका ख्रिस्ती धर्मपंडितानं कुचेष्टेनं लिहिलं, की एवढा गाजावाजा करून शेवटी दाखवतात काय, तर शांततेत कापलेलं एक कणीस. त्याला ते हास्यास्पद वाटलं. मला नाही वाटत.

रोमन सम्राटानं चौथ्या शतकाच्या शेवटी जुने विधी बंद केले, ३९६ साली गॉथ टोळ्यांनी देऊळ उद्ध्वस्त केलं. पण गावानं देवी सोडली नव्हती. १८०१ साली एडवर्ड क्लार्क हा केंब्रिजचा माणूस तिथं पोचला, तेव्हा खळ्याजवळ संगमरवराची एक प्रचंड मूर्ती शेणखताच्या ढिगात मानेपर्यंत गाडलेली होती. डोक्यावर टोपली, चेहरा झिजून गेलेला. आज ती देवी नाही, देवळाच्या दाराशी खांबाच्या जागी भार पेलणारी स्त्री मानतात. गावकऱ्यांना त्याचं काय! ते तिला मानायचे, खत घालायचे. ती गेली तर शेत पिकणार नाही म्हणायचे. क्लार्कनं तुर्की अधिकाऱ्याकडून परवानगी मिळवली. तो स्वतःच लिहितो की नेण्याच्या आदल्या संध्याकाळी जुवातून सुटलेला एक बैल आला, त्यानं मूर्तीला शिंगं मारली आणि हंबरत रानात पळत सुटला. गावकरी म्हणाले, हे जहाज बुडणार. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ येऊन ते खरंच फुटलं. मूर्ती मात्र वाचली. ती केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे, स्वच्छ धुतलेली, थंडीच्या मुलखात. माझ्या पुस्तकातलं चित्र त्याच मुलखातलं असणार.

आजोळचं पेव मामानं वाडा पाडला तेव्हा डबर टाकून बुजवलं. आता वर फरशीकाम झालंय, ट्रॅक्टर उभा राहतो. तरी दर पावसाळ्यात तेवढीच जागा वीतभर खचते. मामा कुरकुरत दोन पाट्या माती आणून टाकतो, पायानं दाबतो, आणि पुढच्या आषाढात परत तेच.